सायकल सुरक्षितता

सायकल सुरक्षितता म्हणजे सायकल चालवताना अपघात टाळण्यासाठी आणि अपघात झाल्यास इजा कमी व्हावी यासाठी घेतली जाणारी खबरदारी होय. सायकलची देखभाल, चालकाचा पेहराव, वाहतुकीचे नियम तसेच स्थानिक रस्ते व हवामान यांचा तिच्यात समावेश होतो. वऱ्हाडातील अमरावती व अकोला जिल्ह्यांत विद्यार्थी आणि शेतमजूर यांच्यासाठी सायकल हे आजही उपयुक्त वाहन आहे. महाराष्ट्र शासन मानव विकास कार्यक्रमांतर्गत निवडक तालुक्यांतील इयत्ता ८वी ते १२वीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल उपलब्ध करून देते.

सायकलची तपासणी

निघण्यापूर्वी टायरमधील हवा, ब्रेक, चेन व घंटी तपासावी. ब्रेकचे रबर टायरला न घासता रिमवर टेकले पाहिजे. नवशिक्याच्या सायकलची सीट पायांचे चवडे जमिनीला टेकतील इतक्या उंचीवर ठेवतात. केवळ पुढचा ब्रेक एकाएकी दाबल्यास चालक हँडलवरून फेकला जाऊ शकतो. म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र व हळूहळू दाबावेत.

हेल्मेट व पेहराव

भारतात सायकलस्वारास हेल्मेट कायद्याने बंधनकारक नाही. तथापि डोक्याची गंभीर इजा टाळण्याचे ते प्रमुख साधन आहे. ते कपाळ झाकेल असे बसवून पट्टा आवळावा. जोराचा आघात झालेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. ओढणी किंवा पदर चाकात अडकणार नाही असा खोचावा. दप्तर हँडलला न टांगता पाठीवर घ्यावे अथवा कॅरिअरला बांधावे.

रस्त्यावरील वर्तन

सायकल नेहमी रस्त्याच्या डाव्या बाजूने आणि एकामागे एक चालवावी. वळण्यापूर्वी मागे पाहून हाताने इशारा द्यावा. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात सुमारे ४ मीटर पुढे जाते. त्यामुळे पुढील वाहनापासून अंतर राखणे आवश्यक ठरते. थांबलेल्या ट्रकच्या डाव्या बाजूला उभे राहणे धोक्याचे असते, कारण तेथील सायकलस्वार ट्रकचालकाला दिसत नाही. अंधारात पुढे पांढरा व मागे लाल दिवा लावावा.

वऱ्हाडातील विशेष काळजी

अमरावती–अकोला दरम्यानच्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग करण्याचा गिनीज विश्वविक्रम झाला. अशा सरळ, गुळगुळीत मार्गावर अवजड वाहने वेगाने जातात. शक्य असल्यास सायकलस्वाराने सेवा रस्ता वापरावा. कापसाच्या हंगामात ट्रॅक्टर व बैलबंड्यांतील माल बाजूंना बाहेर आलेला असतो. रात्री त्यांच्यापासून अधिक अंतर ठेवावे. पावसाळ्यात काळी चिकण माती रस्त्यावर येऊन घसरण होते आणि मडगार्डमध्ये साचून चाक अडते. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो. उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या वर जाते. दुपारचा प्रवास टाळून पाणी सोबत ठेवावे. चिखलदऱ्याच्या घाटातून उतरताना ब्रेक सतत दाबून न धरता थांबून थंड होऊ द्यावेत.

अपघातानंतर

जखमीस वाहतुकीपासून दूर करावे. मात्र मान किंवा पाठीला मार असल्याची शंका असल्यास आणि जागी अन्य धोका नसल्यास हलवू नये. रक्तस्राव स्वच्छ कापडाने दाबून थांबवावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसह अन्य तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये समाविष्ट झालेले कलम १३४अ सद्हेतूने मदत करणाऱ्या व्यक्तीस कायदेशीर संरक्षण देते.