जुन्या जीपच्या तारा

जीप म्हणजे काय, हे खेड्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, आणि त्यानंतरच्या वर्षांत धूळ उडवीत येणारी जीप म्हणजे सरकार, अशी खूणगाठच लोकांच्या मनाशी बसली. बी-बियाणे, हिवतापाची फवारणी, निवडणुकीच्या मतपेट्या, सारे काही या गाडीतून आले. पुढे या गाड्या लिलावात निघाल्या. कोणी शेतकऱ्याने घेतली, कोणी शिक्षणसंस्थेने घेतली. त्यांतल्या काही अजून गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभ्या आहेत. अशी एखादी गाडी आपल्या घरी असेल आणि ती पुन्हा चालती करावी असे मनात आले, तर इंजिनाच्याही आधी एक प्रश्न पुढे येतो. तो तारांचा. बॅटरीपासून दिवे, हॉर्न, डायनॅमो, इंजिन या सर्वांकडे जाणाऱ्या तारांचा जो एकत्र बांधलेला जुडगा असतो, ज्याला गॅरेजात नुसते 'वायरिंग' म्हणतात, तो नवा घ्यावयाचा तर कोणता घ्यावा?

तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या प्राध्यापकाचा तारांशी काय संबंध? संबंध आला तो एका माजी विद्यार्थ्यामुळे. तो आता खेड्यात शिक्षक आहे. त्याच्या वडिलांनी लिलावात घेतलेली जीप त्याने जपून ठेवली आहे. एके संध्याकाळी आम्ही दोघे तिच्यातून येत होतो. चढ संपता संपता डॅशबोर्डामागून धूर निघू लागला आणि जळक्या रबराचा वास आला. त्याने गाडी थांबवली, बोनेट उघडले आणि पान्याने बॅटरीची तार सोडवली. म्हणून गाडी वाचली. या गाडीची पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखालीच असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर मी 'काय झाले रे?' असे विचारीत इतका जवळ उभा राहिलो नसतो!

त्याचे वडील नेहमी म्हणत, 'ही लढाईतली गाडी आहे.' मुलाने ते वाक्य प्रमाण मानले. वर्षभर पैसे बाजूला टाकून त्याने परदेशातून युद्धकालीन जीपचे हुबेहूब वायरिंग मागवले. सुती विणीचे वेष्टण, तारांवर रंगीत धागे, मोठे देखणे काम होते. गावच्या मिस्त्रींनी ते सतरंजीवर पसरले, दोनदा न्याहाळले आणि म्हणाले, 'गुरुजी, ही वायरिंग सहाची हाय. तुमची गाडी बाराची. आणि ह्या चार वायरी कुठं लावायच्या? तेवढे दिवेच नाहीत की गाडीला!'

पैसे तर गेलेच. पण माझ्या मनाला लागले ते वेगळे. मी या मुलाला तीन वर्षे इतिहास शिकवला होता. ऐकीव माहिती आणि पुरावा यांत भेद करावा, हे फळ्यावर लिहून दिले होते. आणि इथे दाराशी उभी असलेली गाडी स्वतःच आपली साक्ष देत असता आम्ही दोघांनीही तिला काही विचारले नव्हते. तेव्हा आता ती साक्ष कशी वाचावी हे सांगतो. त्यासाठी थोडे मागे जाऊ.

1940 च्या जुलै महिन्यात अमेरिकन सैन्याने 135 कारखानदारांकडे एका हलक्या, चारही चाकांना जोर मिळेल अशा गाडीची मागणी केली. पहिला नमुना 49 दिवसांत हवा होता. बहुतेकांनी कानावर हात ठेवले. बॅन्टम नावाच्या एका लहान कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याकडून आराखडा करून घेतला आणि 23 सप्टेंबर 1940 रोजी नमुन्याची गाडी सैन्याच्या स्वाधीन केली. पण बॅन्टमला एवढ्या गाड्या पुरवणे झेपणार नाही असे सैन्याला वाटले. त्याने ते आराखडे विलीस आणि फोर्ड यांनाही दाखवले. मोठे काम शेवटी विलीसला मिळाले आणि विलीसच्या नमुन्याबरहुकूम गाड्या करण्याचे काम फोर्डने पत्करले. ज्याची कल्पना त्याच्या वाट्याला ट्रेलर बांधण्याचे काम आले. इतिहासात असे पुष्कळदा घडते. विलीसची ती एमबी आणि फोर्डची ती जीपीडब्ल्यू. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या केल्या, आणि रणांगणावर एकीचा भाग दुसरीला बसावा अशी त्यांची रचना होती. त्यामुळे या दोहोंच्या वायरिंगबाबत फारशी अडचण येत नाही.

या युद्धजीपचे वायरिंग युद्धासाठीच केलेले होते. शत्रूच्या विमानाला उजेड दिसू नये म्हणून झाकलेले लहान दिवे होते. त्यांच्या तारा वेगळ्या. मागे ट्रेलरच्या दिव्यासाठी जोडणी होती. ज्या गाडीत बिनतारी यंत्र बसवावयाचे तिच्यात खरखर थांबवणारी साधने जागोजागी घातलेली. आणि एक गंमत पाहा. हेडलाइट बिजागरीवर असा बसवलेला असे की, तो उलटा फिरवला म्हणजे रात्री इंजिनावर उजेड पडावा! म्हणून त्या दिव्याची तार थोडी सैल, लांब ठेवावी लागते. नेमक्या मापाची तार ताणून बसवली तर दिवा फिरवताच ती तुटते.

वेष्टण त्या काळच्या रीतीप्रमाणे रबराचे, त्यावर सुताची वीण आणि वर रोगण. कोणती तार कोठली हे कळावे म्हणून विणीत रंगीत धागा घातलेला असे. 1942 च्या आरंभी जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतले, तेव्हा अमेरिकेला मिळणारे बहुतेक सर्व नैसर्गिक रबर एकाएकी बंद झाले. कृत्रिम रबराचे कारखाने उभे राहिले ते या निकडीतून. आता या वेष्टणाचे आयुष्य ते किती असणार? रबर सुकते, तडकते. सूत तेल आणि ओल पिते. कोकणासारख्या दमट हवेत बुरशी धरते, आणि उरलेले काम उंदीर पुरे करतात. वरून धड दिसणारी तार वाकवली की आतले रबर भुग्यासारखे गळते. आमच्या डॅशबोर्डामागे तेच झाले होते. तेव्हा जुने मूळचे वायरिंग 'अजून चांगले आहे' असे कोणी विकावयास आणले तर ते संग्रहासाठी खुशाल घ्या, गाडीत घालू नका.

आता आपल्याकडची जीप. युद्धानंतर मागे राहिलेल्या लष्करी गाड्या लिलावात निघाल्या, त्यांतल्या काही आपल्या रस्त्यांवर आल्या. पण आपल्या ओळखीची बहुतेक जीप ती नव्हे. 1945 मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र असे झाले. विलीसकडून सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जीप जोडण्याचे काम 1949 मध्ये सुरू झाले. पुढे एकेक भाग येथेच होऊ लागला. सीजे-3बी हा नमुना अमेरिकेत 1953 मध्ये निघाला आणि 1968 मध्ये बंद झाला; आपल्याकडे त्याच घडणीच्या गाड्या त्यानंतरही पुष्कळ वर्षे निघत राहिल्या. दिसायला सारख्या, पण इंजिन, डायनॅमो, दिवे बदलत गेलेले. म्हणून 'जीपचे वायरिंग द्या' एवढे सांगणे म्हणजे 'शिवकालीन कागद द्या' म्हणण्यासारखे आहे. कोणत्या वर्षाचा, कोणाचा?

ओळखावे कसे? तोंडासमोरच्या जाळीतल्या उभ्या फटी मोजा. युद्धजीपच्या पत्र्याच्या जाळीत नऊ असतात, नंतरच्या नागरी सीजेमध्ये सात. बोनेट उंच, कपाळ वर आल्यासारखे दिसत असेल तर ती सीजे-3बी. तिचे इंजिन उंच असल्याने बोनेट वर न्यावे लागले. आमच्या गाडीला सात फटी होत्या आणि कपाळही उंच होते! नोंदणीपुस्तकातले वर्ष जरूर पाहा, पण त्यावरच विसंबू नका. लष्करी गाडीची नोंद ती नागरी मालकाकडे आली त्या वर्षाची असू शकते. एकीचे अंग दुसरीच्या चॅसीवर चढवलेलेही असते.

यानंतरचा प्रश्न व्होल्टचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. युद्धजीप 6 व्होल्टची होती. 1950 मध्ये निघालेली एम-38 ही लष्करी जीप 24 व्होल्टची. 1950 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या मोटारी 12 व्होल्टवर गेल्या, जीपही त्याच वाटेने गेली. याने तारेला काय फरक पडतो? पाटाच्या पाण्याचे उदाहरण घ्या. उतार कमी असेल तर तेवढेच पाणी न्यायला पाट रुंद लागतो. तसे हे आहे. 45 वॉटचे दोन हेडलाइट म्हणजे 90 वॉट. 6 व्होल्टवर त्यांना 15 अँपिअर प्रवाह लागतो, 12 वर साडेसात. अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या चार मीटर तारेत 15 अँपिअरला सुमारे 0.4 व्होल्ट वाटेतच खर्च होतात. सहातून 0.4 म्हणजे जवळजवळ सात टक्के, आणि दिव्याचा उजेड तर व्होल्टच्या मानाने कितीतरी जास्त घटतो. बारावर त्याच तारेत 0.2 व्होल्ट जातात. ते जाणवतही नाहीत. तेव्हा 6 व्होल्टच्या जाड तारा 12 ला चालतात, पण 12 च्या बारीक तारा 6 ला चालत नाहीत, त्या तापतात. मिस्त्रींनी परदेशी वायरिंग नाकारले ते जाडीमुळे नव्हे. त्याची टोके आमच्या दिव्यांना, बटणांना जुळत नव्हती, आणि वळणाच्या दिव्यांसाठी त्यात तारच नव्हती. त्या दिव्यांवाचून आज गाडी रस्त्यावर काढता येत नाही.

बाकीच्या गोष्टी झटपट सांगतो. चालकाची बाजू पाहा. आपल्याकडे डाव्या सुकाणूच्या जीप पुष्कळ होत्या, काहींच्या पाठीवर तसे रंगवलेलेही असे. एका बाजूचे वायरिंग दुसऱ्या बाजूला अपुरे पडते. डिझेल इंजिन बसवले असेल तर ठिणगीच्या कॉइलची तार नको, पण इंजिन आधी तापवणाऱ्या प्लगांसाठी जाड तार हवी. डायनॅमो काढून अल्टरनेटर घातला असेल तर सेल्फखेरीज साऱ्या गाडीचा प्रवाह डॅशवरच्या लहानशा अँपिअरमापकातून जातो की नाही ते पाहा. जुना मापक तेवढा भार सोसत नाही आणि आग लागण्याची ती एक हुकमी जागा आहे. बॅटरीचे कोणते टोक पत्र्याला आहे तेही पाहा. जीपचे ऋण टोक पत्र्याला असते. 1948 मध्ये इंग्लंडात निघालेल्या लँडरोव्हरचे मात्र 1960 च्या दशकापर्यंत धन टोक पत्र्याला असे. एकीचा नकाशा दुसरीला लावू नका.

मग घ्यावे काय? माझे मत विचाराल तर गाडी प्रदर्शनात उभी राहणार असेल, खरोखर युद्धजीप असेल आणि मूळ भाग तिच्यावर शिल्लक असतील, तरच सुती वेष्टणाचे हुबेहूब वायरिंग घ्यावे. तेही आत आधुनिक प्लॅस्टिकचे वेष्टण आणि वर सुताची वीण असे. जी गाडी शेतावर जाणार, पोरांना शाळेत सोडणार, तिला आपल्याकडच्या नमुन्याचे, प्लॅस्टिक वेष्टणाचे, वेगवेगळ्या फ्यूजांचे वायरिंग बरे. काही हौशी मंडळी याला भ्रष्ट म्हणतात. पण ही गाडी आयुष्यभर दुरुस्त होत आली, जे मिळेल ते घालून चालत आली. तिचा खरा इतिहास तोच आहे. आणि चालकाखाली टाकी असलेल्या गाडीत शुद्धतेचा हट्ट किती धरावा, यालाही सीमा आहे. स्वस्तात नुसत्या तारा आणून काळ्या टेपेने गुंडाळणाऱ्याच्या नादी मात्र लागू नका. टोके दाबून पक्की केलेली आहेत ना, पत्र्यातून तार जाते तेथे रबरी कडे आहे ना, हे हाताने चाचपून पाहावे.

जुना जुडगा काढताना कात्री लावू नका. तो अखंड काढून जमिनीवर पसरा, सुतळीने प्रत्येक फाट्याची लांबी मोजा, टोकाला चिठ्ठी बांधा. रंगावर भरवसा नको. पन्नास वर्षांनी सारे रंग तपकिरीच होतात. बॅटरी आणि बल्ब घेऊन एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत तार तपासावी. शिक्षक बंधुभगिनींनो, हे काम आमच्या विद्यार्थ्याने आठवीच्या मुलांकडून करवून घेतले, आणि विजेचा धडा त्या वर्षी निराळा शिकवावा लागला नाही.

नवे वायरिंग मिस्त्रींनीच मापावर बांधून दिले. बॅटरी सरळ जोडण्याआधी त्यांनी बॅटरी आणि मुख्य तार यांच्यामध्ये 21 वॉटचा एक बल्ब घातला. सर्व बटणे बंद असता तो पेटता कामा नये. पेटला तर कोठेतरी तार पत्र्याला टेकली आहे असे समजावे. आमचा बल्ब लख्ख पेटला. सारी मुले 'पेटला, पेटला' म्हणून टाळ्या वाजवू लागली. त्यांना वाटले, काम फत्ते झाले! मिस्त्री काही बोलले नाहीत. वाकून त्यांनी मागच्या मडगार्डाखालचा एक स्क्रू सैल केला. त्याखाली एक तार चेपली गेली होती. बल्ब विझला. मग त्यांनी बॅटरी जोडली आणि गुरुजींना म्हणाले, 'आता लावा लाइट.'