न पाहिलेल्या दरबाराचे चित्र

चित्रात शनिवारवाड्याचा दरबार भरलेला आहे. कोवळ्या वयाचे सवाई माधवराव पेशवे गादीवर, भोवती पगड्यांची दाटी, मागे गणपती, आणि ईस्ट इंडिया कंपनीचा पुण्यातला वकील चार्ल्स वॉर मॅलेट तहाचा कागद पेशव्यांपुढे करतो आहे. साल १७९०. पेशवाईवरच्या पुस्तकांतून आणि लेखांतून हे चित्र इतक्यांदा छापले गेले आहे की ‘पुणे दरबार’ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे तेच उभे राहते. मूळ तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

ज्याने ते रंगवले तो थॉमस डॅनियल त्या दरबाराला हजर नव्हता. त्याने ते लंडनमध्ये काढले आणि १८०५ मध्ये तिथल्या रॉयल अ‍ॅकॅडमीत मांडले. त्याच्यापुढे होती ती जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची रेखाटने. पण वेल्सनेही तो दिवस पाहिलेला नव्हता. तो मुंबईला उतरला १७९१ मध्ये आणि पुण्यात आला १७९२ मध्ये, म्हणजे तह होऊन दोन वर्षे लोटल्यावर. पेशवे, नाना फडणवीस, दरबारी मंडळी यांना समोर बसवून त्याने चेहरे टिपले. घडून गेलेला प्रसंग त्या चेहऱ्यांमधून जुळवायचा, असा मॅलेटचा मनसुबा होता. वेल्स १७९५ मध्ये वारला, काम अर्धे राहिले, आणि मायदेशी परतलेल्या मॅलेटने ते डॅनियलच्या हाती सोपवले. ज्याला आपण मूळ चित्र म्हणतो, तेच असे हस्ते-परहस्ते तयार झालेले आहे. १८०७ मध्ये त्यावरून छापाचित्र निघाले आणि दरबाराची नक्कल कागदावरून फिरू लागली.

चित्रातल्या तहात भागीदार तिघे होते: कंपनी, पेशवे आणि हैदराबादचा निजाम. बीडचा मुलूख निजाम आणि मराठे यांच्या ओढाताणीतला. तहाला पाच वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच मार्च १७९५ मध्ये हेच दोन दोस्त बीडच्या शेजारी खर्ड्याला एकमेकांवर तुटून पडले. चित्रातली सलोख्याची घडी किती अल्पजीवी होती, ते या भागाच्या मातीने जवळून पाहिले. पुढे १९४८ पर्यंत बीड हैदराबाद संस्थानात राहिले.

चित्रामागे आणखी एक हात आहे. गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. आडनावाच्या जोडीला लागलेला ‘तांबट’ हा शब्द तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या जातीचा. वेल्स येण्याच्या आधीपासूनच तो मॅलेटसाठी चित्रे काढत होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचे त्याचे चित्र १७९० मधले आहे, म्हणजे तहाच्याच वर्षाचे. तालमीत कसरत करणारे मल्ल, गोसावी, वाड्याभोवतालची माणसे त्याने कागदावर आणली. वेरूळला जाऊन तिथली लेणी रेखाटली. शनिवारवाड्यात वेल्सच्या देखरेखीखाली चित्रशाळा सुरू झाली, तेव्हा गंगाराम त्याचा मदतनीस झाला. त्याची बरीच चित्रे आता अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

इथे ‘नक्कल’ या शब्दाकडे नीट पाहायला हवे. आपल्याकडच्या चितारी परंपरेत नक्कल करणे म्हणजे चोरी नव्हे, शिक्षण होते. आधी खाका. रेषेवर सुईने टोचे पाडायचे, खालच्या कागदावर कोळशाची पूड झाडायची, उमटलेले ठिपके जोडायचे. गुरूची रेषा शिष्याच्या बोटांत उतरायची ती अशी. कंपनीच्या साहेबांना हिंदुस्थानातले सण, धंदे, पोशाख यांची चित्रे हवी असत, तेव्हा ठिकठिकाणच्या चिताऱ्यांनी याच रीतीने एकाच चित्राच्या कितीतरी प्रती हाताने रंगवून दिल्या. विलायतेतल्या दिवाणखान्यांना हिंदुस्थानचा समाज दिसला तो बहुतेक अशा प्रतींतून.

मराठवाड्याच्या लेण्यांनाही हाच रस्ता चालावा लागला. वेल्सच्या रेखाटनांवरून डॅनियलने १८०३ मध्ये वेरूळची चित्रमाला लंडनला प्रसिद्ध केली. अजिंठ्याची कहाणी तर जिवाला चटका लावणारी आहे. मेजर रॉबर्ट गिल १८४० च्या दशकापासून वर्षानुवर्षे तिथल्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या तैलप्रती करत राहिला आणि १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून त्यातल्या बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपले विद्यार्थी घेऊन पुन्हा अजिंठ्यात उतरले. १८८५ पर्यंत हे काम चालले. त्याच वर्षी लंडनमध्येच दुसरी आग लागली आणि त्यांतल्याही पुष्कळ प्रती गेल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेडी हेरिंगहॅमने तिसऱ्यांदा प्रती करवल्या, तेव्हा कलकत्त्याच्या नंदलाल बोसांबरोबर हैदराबादचे सय्यद अहमद आणि मोहम्मद फजलुद्दीनही कामाला होते. कंदिलाच्या उजेडात, ओल्या भिंतींसमोर केलेल्या या कष्टांना ‘नुसती नक्कल’ म्हणणे अन्यायाचे आहे. अजिंठ्यात पुढे जिथे रंगाचे पोपडे पडले, तिथे काय होते हे सांगायला वाचलेल्या जुन्या प्रतीच उरल्या.

पुण्यात उलटे घडले. लंडनमधले दरबाराचे चित्र टिकले आणि दरबारच गेला. फेब्रुवारी १८२८ मध्ये शनिवारवाड्याला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली, आणि आतल्या लाकडी महालांची राख झाली. दिल्ली दरवाजातून आत गेले की आज दगडी जोती लागतात, कारंज्यांचे हौद लागतात. गणपती रंगमहालाचे कोरीव खांब, छत, झुंबरे कशी होती, हे समजून घ्यायचे तर डॅनियलच्या चित्राकडेच वळावे लागते.

त्या चित्राला ज्यांचा हात लागला, त्यांत मॅलेटचे नाव शीर्षकात आहे, डॅनियलचे चित्रकार म्हणून आहे, वेल्सचे टिपणांतून येते. तह झाला त्या वर्षी यांतले दोन्ही चित्रकार पुण्याबाहेर होते. हातात कुंचला धरलेला गंगाराम मात्र पुण्यातच होता, आणि पेशव्यांच्या शिकारखान्यात उभा राहून गेंड्याच्या कातडीची एकेक घडी मोजून काढत होता.