अवटुग्रंथी, यकृत आणि अणूचे औषध

गळ्याच्या पुढील भागी फुलपाखराच्या आकाराची एक लहानशी ग्रंथी असते. तिला अवटुग्रंथी किंवा थायरॉइड म्हणतात. तिचा स्राव प्रमाणाबाहेर वाढला म्हणजे छाती धडधडते, हात कापतात आणि भरपूर खाऊनही माणूस वाळत जातो. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ साली या विकाराचे वर्णन केले.

पुढे दीर्घकाळ मुख्य भिस्त शस्त्रक्रियेवरच होती. १९४३ साली बोस्टनच्या अ‍ॅस्टवुड यांनी थायोयुरॅसिल हे औषध वापरले आणि त्याच कुळातील गोळ्या जगभर रूढ झाल्या. परंतु क्वचित एखाद्या रोग्याच्या यकृतावर त्या घाला घालतात. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते; अशा वेळी गोळी तत्काळ थांबवून वैद्याला गाठावे लागते. प्रोपिलथायोयुरॅसिलवर तर अमेरिकेच्या औषध-नियामकांनी २०१० साली कठोरातील कठोर इशारा छापविला. रोग आवरत नाही आणि औषध सोसत नाही, असा हा पेच होय.

त्यातून सुटण्याचा मार्ग ग्रंथीच्याच स्वभावात दडला होता. आयोडीन ती अधाशीपणे ओढून घेते. मग आयोडीनच किरणोत्सारी करता येईल काय? हा प्रश्न सॉल हर्ट्झ यांनी १९३६ साली बोस्टन येथे विचारला आणि १९४१ साली पहिल्या रोग्यावर तो उपाय केला. या आयोडीनचा मारक किरण जेमतेम दोन मिलिमीटर जातो. म्हणून ग्रंथी करपते, यकृत बहुतांशी सुरक्षित राहते.

भारतात १९५६ साली तुर्भे येथे ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. १९६३ साली परळला किरणोत्सारी औषधोपचारांचे केंद्र उभे राहिले. मात्र हे औषध आठ दिवसांत निम्मे विझते. मुंबईहून बंगळूरपर्यंतच्या एका दिवसाच्या आगगाडीत त्याचा सुमारे बारावा हिस्सा सरेल. विमानाच्या पावणेदोन तासांत शंभरावाही नाही. टिपू सुलतानाच्या जन्मगावी, देवनहळ्ळीस, २००८ साली झालेला विमानतळ अशा औषधाच्या दृष्टीने उपचाराचाच एक दुवा ठरतो.

हा उपायही निर्दोष नाही. गर्भवतीस तो वर्ज्य आहे, आणि करपलेल्या ग्रंथीची उणीव बहुधा जन्मभर रोज एक गोळी घेऊन भरावी लागते. शस्त्रक्रियेचा मार्गही खुला आहेच. तथापि ज्याचे यकृत औषधाने दुखावले, त्याला आज दुसरी वाट आहे. शंभर वर्षांपूर्वी ती नव्हती.