सरकता कणा

नारायण पेठेतून नदीकडे उतरले की मुठा लागते. हीच नदी वर खडकवासल्याला अडवलेली आहे. तेथील जलाशयात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र लहान शिडाच्या होड्या चालवायला शिकतात. अशी होडी काठावर ओढलेली पाहिली, तर हिला कणा नाहीच असे आपल्याला वाटेल. कणा असतो, पण तो पोटातल्या फटीत वर घेतलेला असतो.

तो हवा कशाला? बाजूने वारा आला की शीड होडीला पुढे ढकलते, तसेच आडवेही ढकलते. पाण्यात उभी फळी असली की आडवे सरकणे अवघड होते, पुढे जाणे फारसे नाही. मात्र खोल कण्याची होडी उथळ पाण्यात रुतते.

कोकणात या पेचाला वेगळे उत्तर होते. आंग्र्यांच्या गुराबा रुंद आणि पाण्यात कमी बुडणाऱ्या असत, असे इंग्रज इतिहासकार ऑर्मने १७६३ साली लिहून ठेवले आहे. वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते त्यांना ओढून नेत. तळाच्या दुरुस्तीसाठी विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीत खडक कोरून गोदी केलेली होती.

इंग्रज नौदलातील जॉन शँक यांनी दुसरा मार्ग काढला. १७७४ साली बोस्टन येथे त्यांनी खालीवर सरकणाऱ्या कण्याची होडी बांधली. पुढे ‘लेडी नेल्सन’ या ६० टनी जहाजाला असे तीन कणे बसवले. ऑस्ट्रेलियाचा किनारा शोधणाऱ्या फ्लिंडर्सच्या सोबतीला ते १८०२ साली निघाले. वाटेत मधला कणा गेला, मागचाही काही भाग तुटला. जहाज वाऱ्याबरोबर आडवे वाहू लागले आणि ऑक्टोबरात फ्लिंडर्सला ते सिडनीला परत पाठवावे लागले. ज्या अवयवामुळे ते उथळ पाण्यात जाऊ शकत होते, तोच मोडला होता.

१८११ साली अमेरिकेत स्वेन बंधूंनी खिळ्याभोवती फिरणाऱ्या कण्याचे पेटंट घेतले. खाली खडक लागला की ही फळी मागे वळून वर जाते. आडवा जोर मात्र तिलाही सोसावा लागतो. मुठीत पट्टी घट्ट धरून तिचे टोक वाकवा: ती मुठीच्या कडेशी मोडते. फळीही फटीच्या कडेशीच मोडते.

मग ती सांधायची कशी? तुटलेली टोके समोरासमोर चिकटवून भागत नाही, कारण डिंकाला जागा थोडी मिळते. म्हणून दोन्ही टोके जाडीच्या आठपट लांबीच्या उताराने तासतात आणि एकावर एक बसवून इपॉक्सीने जोडतात. चिकटण्याचे क्षेत्र सुमारे आठपट होते. वाकताना सर्वांत जास्त ताण बाहेरच्या पृष्ठांवर येतो, म्हणून काचतंतूंचे कापड दोन्ही बाजूंनी लावतात. खिळा आणि त्याचे भोक झिजले असेल तर तेही दुरुस्त करावे लागते. नाहीतर फळी फटीत आदळत राहते.

या सगळ्याला गोदी लागत नाही. कणा काढायचा, सांधायचा, परत बसवायचा. वर्गात आइस्क्रीमच्या दोन काड्या मोडून एक जोड सरळ आणि एक तिरका करून पाहा. डिंक पूर्ण वाळल्यावर त्यांना वजने टांगा. कोणता जोड आधी सुटतो, आणि का, हे मुलांनाच सांगू द्या.