लिमिटेड-स्लिप अ‍ॅक्सल : जुन्या मस्टँगसाठी शोध आणि बदल

लिमिटेड-स्लिप अ‍ॅक्सल : मागच्या दोन चाकांपैकी एक घसरू लागले तरी दुसऱ्याची ओढ टिकून राहावी, अशी सोय डिफरन्शिअलमध्ये केलेला मोटारीचा मागचा आस. १९६० च्या दशकातील अमेरिकन मोटारींत ही सोय जादा पैसे मोजणाऱ्यालाच मिळे. त्यामुळे आज हौसेने जपलेल्या कितीतरी गाड्यांत ती नसते आणि मालकाला ती दुसऱ्या वाहनातून काढून आणावी लागते. या नोंदीत १९६५ ते १९७० या काळातील फोर्ड मस्टँग समोर ठेवली आहे. या गाडीला अ‍ॅक्सल मिळवण्याचे दोन अगदी वेगळे मार्ग आहेत आणि बहुतेक जण अवघड मार्गाने आधी निघतात.

तत्त्व : वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोघांना एकाच इंजिनाची गती देऊनही ही मोकळीक ठेवायची, हा पेच फ्रेंच घड्याळजी ओनेसिफोर पेकर याने वाफेच्या गाडीसाठी १८२७-२८ मध्ये डिफरन्शिअल रचून सोडवला. पण साध्या डिफरन्शिअलला एक खोड आहे. तो दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतो. डावे चाक चिखलात असेल तर त्या चाकाला पेलवेल तेवढाच पीळ उजव्यालाही मिळतो, मग उजवे कोरड्या डांबरावर का असेना. एक चाक गरगरते, दुसरे ढिम्म, आणि गाडी जागच्या जागी.

यावरचा सर्वांत रुळलेला उपाय क्लचचा. डिफरन्शिअलच्या आतील बाजूच्या दातेरी चाकांमागे पोलादी आणि घर्षणाच्या चकत्या एकाआड एक लावतात आणि स्प्रिंगने दाबून धरतात. फोर्डच्या ‘ट्रॅक्शन-लॉक’मध्ये ही स्प्रिंग इंग्रजी एस अक्षराच्या आकाराची असते. एक चाक पुढे पळू लागले की चकत्या एकमेकींना घासतात आणि पिळाचा काही भाग दुसऱ्या चाकाकडे वळतो. काही कंपन्यांनी चकत्यांऐवजी शंकू वापरले. ते झिजले की सहसा अख्खा डबाच बदलावा लागतो. टॉर्सन नावाच्या तिसऱ्या प्रकारात घर्षणाच्या चकत्या नाहीत, सारे काम दात्यांवर चालते. व्हर्नन ग्लीसमन यांनी १९५८ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना गुळगुळीत चालते आणि तिला तेलात वेगळे औषध घालावे लागत नाही. आपल्याकडे महिंद्र थारमध्ये ईटन कंपनीचा जो यांत्रिक लॉक येतो, त्याची जात याहून निराळी. एरवी तो साध्या डिफरन्शिअलसारखा वागतो आणि चाकांच्या गतीत मोठा फरक पडला की दोन्ही चाके एकत्र बांधतो.

इतिहास आणि नावे : फर्डिनांड पोर्शे यांच्या ऑटो युनियन शर्यतगाडीची ताकद एवढी होती की ताशी १६० किमी.च्या आसपासही एखादे मागचे चाक घसरत राही. त्यांनी १९३५ मध्ये झेडएफ कंपनीकडून यावर तोड काढून घेतली. सर्वसामान्य गिऱ्हाइकापर्यंत ही सोय पोचली ती अमेरिकेत. पॅकार्डने १९५६ च्या गाड्यांत ती ‘ट्विन-ट्रॅक्शन’ या नावाने दिली. मग प्रत्येक कंपनीने स्वतःचे बारसे केले : शेव्हरोलेचे पॉझिट्रॅक्शन, पाँटिअ‍ॅकचे सेफ-टी-ट्रॅक, क्रायस्लरचे शुअर-ग्रिप, फोर्डचे आधी इक्वा-लॉक आणि पुढे ट्रॅक्शन-लॉक. यांतले शेव्हरोलेचे नाव इतके रूढ झाले की लोक कुठल्याही कंपनीच्या अ‍ॅक्सलला ‘पॉझी’ म्हणू लागले. ‘माय कझिन व्हिनी’ (१९९२) या चित्रपटातील खटला तर याच मुद्द्यावर फिरतो. टायरच्या दोन सारख्या खुणा १९६४ च्या ब्यूक स्कायलार्कला उमटवताच येणार नाहीत, त्या १९६३ च्या पाँटिअ‍ॅक टेम्पेस्टच्याच, हे गॅरेजात वाढलेली नायिका साक्षीच्या पिंजऱ्यात सिद्ध करते. डिफरन्शिअलवरून आरोपी निर्दोष सुटल्याचे दुसरे उदाहरण चित्रपटांत सापडणे कठीण.

आधी स्वतःची गाडी : शोधाला निघण्यापूर्वी गाडीखाली शिरून आहे तो अ‍ॅक्सल ओळखावा. सहा सिलिंडरच्या मस्टँगला लहान, सव्वासात इंची क्राउन व्हीलचा (डिफरन्शिअलवरील मोठ्या दातेरी चाकाचा) अ‍ॅक्सल आणि चार बोल्टांची चाके असत. व्ही-८ गाडीला आठ इंची (२०३ मिमी.) आणि जास्त ताकदीच्या इंजिनांना नऊ इंची (२२९ मिमी.) अ‍ॅक्सल येई. आठ आणि नऊ इंची अ‍ॅक्सलमध्ये क्राउन, त्याला फिरवणारा लहान दातेरी पिनियन आणि डिफरन्शिअल यांचा सबंध गड्डा पुढच्या बाजूने नटांवर बसवलेला असतो. हे दोन्ही दिसायला जुळी भावंडे, पण ओळखीची एक खूण आहे. गड्ड्याच्या तळाच्या नटांवर सॉकेट सरळ बसला तर अ‍ॅक्सल आठ इंची. तिथे सॉकेट शिरत नसेल आणि साधा पानाच लावावा लागत असेल तर नऊ इंची.

ही ओळख एवढ्यासाठी महत्त्वाची की व्ही-८ गाडीच्या मालकाला अख्खा अ‍ॅक्सल बदलण्याची बहुधा गरजच नसते. लिमिटेड-स्लिप असलेला त्याच मापाचा गड्डा मिळवायचा, दोन्ही बाजूंचे शाफ्ट बाहेर ओढायचे, नट सोडून जुना गड्डा उतरवायचा आणि नवा चढवायचा. नऊ इंचीत दोन प्रकारचे शाफ्ट आले, २८ खाचांचे आणि ३१ खाचांचे, एवढे मात्र आधी जुळवावे. हाउसिंग, ब्रेक, पाट्यांच्या स्प्रिंगा, सगळे जागेवर राहते, वेल्डिंगचा प्रश्न येत नाही आणि उद्या गाडी मूळ रूपात परत न्यायची झाली तरी अडत नाही. असे असूनही अनेक जण भंगारतळावरच्या अख्ख्या अ‍ॅक्सलच्या मोहात पडतात, कारण तो स्वस्त असतो. त्याची खरी किंमत वेल्डरच्या आणि खरादवाल्याच्या बिलात दिसते.

भंगारतळावरचा शोध : सहा सिलिंडरची गाडी असेल, किंवा डिस्क ब्रेकही हवे असतील, तर मात्र दुसऱ्या वाहनाचा अ‍ॅक्सल शोधणे योग्य ठरते. अमेरिकेत यासाठी सर्वांची पसंती फोर्ड एक्सप्लोररच्या ८.८ इंची अ‍ॅक्सलला असते. त्याचे शाफ्ट ३१ खाचांचे, चाकाचे पाच बोल्ट ११४.३ मिमी. वर्तुळावर म्हणजे व्ही-८ मस्टँगसारखेच, आणि १९९५ पासून मागे डिस्क ब्रेक. २००२ च्या चार दारी एक्सप्लोररला स्वतंत्र सस्पेन्शन आले, तेव्हा त्यापूर्वीच्याच गाड्या पाहाव्यात. १९८०-९० च्या मस्टँगलाही ८.८ इंची अ‍ॅक्सल होता, म्हणून काही जण नावाला भुलून तो आणतात. तो गुंडाळी स्प्रिंगांसाठी बनवलेला असतो आणि पाट्यांच्या जुन्या गाडीत त्याला बसायला जागाच नसते.

एक्सप्लोररच्या दारावरील पट्टीवर अ‍ॅक्सलचा संकेत छापलेला असतो. तिथे ‘डी४’ दिसले तर क्राउन-पिनियनच्या दात्यांचे गुणोत्तर ३.७३ आणि लिमिटेड-स्लिप. डिफरन्शिअलच्या झाकणाच्या बोल्टला अडकवलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यावर ‘३एल७३’ असेल तर मधला ‘एल’ तेच सांगतो. पण दार दुसऱ्या गाडीचे असू शकते, बिल्ला कुणी बदललेला असू शकतो आणि तीसेक वर्षांत आतले क्राउन-पिनियन कुणी बदलले नसतील याची हमी नाही. बिल्ला वाचावा, विश्वास हातावर ठेवावा. गिअर न्यूट्रलमध्ये घालून दोन्ही मागची चाके उचलावीत आणि एक चाक हाताने फिरवावे. दुसरे त्याच दिशेने फिरले तर लिमिटेड-स्लिप, उलट दिशेने फिरले तर साधा डिफरन्शिअल. या चाचणीतही एक फट आहे : चकत्या पार झिजल्या असतील तर लिमिटेड-स्लिपही साध्यासारखाच वागतो. म्हणून शक्य असेल तर झाकण उघडावे. चकत्यांचा संच दिसतो, क्राउनवरचे आकडेही वाचता येतात. ४१ आणि ११ दाते म्हणजे ३.७३, ३९ आणि ११ म्हणजे ३.५५. तळाशी साचलेल्या तेलात धातूची चमकी हाताला लागली तर झाकण लावून पुढच्या गाडीकडे वळावे.

बसवणी : पहिली अडचण रुंदीची. १९६५-६६ च्या मस्टँगचा अ‍ॅक्सल एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सव्वासत्तावन्न इंच, १९६७-७० चा सव्वाएकोणसाठ इंच. एक्सप्लोररचा सुमारे साडेएकोणसाठ इंच भरतो. म्हणजे १९६७ नंतरच्या गाडीत तो जवळजवळ आहे तसा मावतो, आधीच्या गाडीत टायर मडगार्डला घासतात. इथे एक सुंदर योग जुळून येतो. एक्सप्लोररच्या अ‍ॅक्सलमध्ये पिनियन मध्यावर नसून उजवीकडे सरकलेला असतो, त्यामुळे डावी नळी उजवीपेक्षा सुमारे तीन इंच लांब असते. ती तेवढी कापून आखूड केली आणि दुसऱ्या एक्सप्लोररचा उजवा शाफ्ट डाव्या बाजूला घातला की अ‍ॅक्सल हवा तेवढा अरुंद होतो, पिनियन मध्यावर येतो आणि खास शाफ्ट घडवून घ्यावा लागत नाही.

कापाकापी मात्र अनुभवी हातानेच करावी. नळी कापल्यावर दोन्ही टोके एका रेषेत राहण्यासाठी आतून सरळ दांडा घालून मगच जोड द्यावा. वेल्डिंग थोडेथोडे, आळीपाळीने समोरासमोरच्या बाजूंना करावे, एकदम केले तर उष्णतेने नळी वाकते. पाट्यांवर टेकणाऱ्या जुन्या बैठका कापून नव्या लावाव्या लागतात, त्यांच्या मध्यांतील अंतर मस्टँगमध्ये ४३ इंच आहे. एक्सप्लोररच्या नळ्या जाड असल्याने यू-बोल्टही मोठे लागतात. बैठका आधी नुसत्या टाकून घ्याव्यात, गाडी स्वतःच्या वजनाने पाट्यांवर बसवावी, पिनियनचा कल मोजावा आणि मगच पक्का जोड द्यावा. जोर पडला की पाटे पिळतात आणि पिनियनचे नाक वर उचलले जाते, म्हणून ते आधी किंचित खाली ठेवतात. हे चुकले तर ठरावीक वेगाला गाडी थरथरते आणि मालक महिनाभर टायरवाल्याला दोष देत राहतो.

ड्राइव्ह शाफ्टची पिनियनकडची फ्लँज वेगळी असते. लांबीही नव्याने मोजून शाफ्ट कापून, तोलून घ्यावा लागतो. १९६५-६६ च्या गाडीत ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकेरी होता. मागे डिस्क बसवायचे तर दुहेरी सिलिंडर आणि मागचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.

गुणोत्तराचा हिशेब अनेकांच्या ध्यानात उशिरा येतो. मूळ गाडीत ३.०० असेल आणि नवा अ‍ॅक्सल ३.७३ चा असेल, तर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे जवळपास चोवीस टक्के वाढतात. शहरात गाडी उसळते, महामार्गावर इंजिन किंचाळते. पाचव्या गिअरचे गुणोत्तर ०.६८ असलेला टी-५ गिअरबॉक्स सोबत घातला तर प्रत्यक्ष गुणोत्तर २.५४ वर येते. तसे करायचे नसेल तर ३.२७ किंवा ३.५५ चा अ‍ॅक्सल शोधावा. दोन्ही बाबतींत गिअरबॉक्समधील स्पीडोमीटरची चक्री बदलायला विसरू नये, नाहीतर काटा खोटे बोलतो.

क्लचच्या लिमिटेड-स्लिपला तेलात घर्षण नियंत्रित करणारे औषध लागते, ट्रॅक्शन-लॉकसाठी चार औंस. ते नसेल तर वळताना मागून कुरकुर आणि झटके येतात, आणि धडधाकट अ‍ॅक्सल बिघडला समजून लोक तो उघडून बसतात.

या अ‍ॅक्सलचे सगळेच गुण नाहीत. बर्फावर किंवा ओल्या उतारावर साध्या डिफरन्शिअलमध्ये एक चाक घसरते, दुसरे गाडी धरून ठेवते. इथे जास्त जोर दिला तर दोन्ही एकदम सुटतात आणि गाडीची पाठ बाजूला वळते. आणखी एक सवय मोडावी लागते. साधा डिफरन्शिअल असलेली गाडी एका चाकाखाली जॅक लावून गिअरमध्ये चालवून पाहणारे मेकॅनिक सर्वत्र आढळतात. लिमिटेड-स्लिपच्या गाडीत जमिनीवरचे चाकही ओढू लागते आणि गाडी जॅकवरून उडी मारून पुढे जाते. गाडी चालू करून तपासायची असेल तर मागची दोन्ही चाके उचलून अ‍ॅक्सल भक्कम स्टँडवर ठेवावा.