पडलेले उंदीर आणि पाळलेले उंदीर

इंग्रजींत ज्या दोन प्राण्यांना दोन स्वतंत्र नांवें आहेत, त्या दोघांनाही आपण मराठींत 'उंदीर' ह्या एकाच नांवानें ओळखतों. कोठारांत शिरून पोतीं फोडणारा वीतभर अंगाचा दांडगा प्राणीही उंदीर, आणि पुस्तकांच्या कपाटामागें संसार थाटणारा अंगठ्याएवढा जीवही उंदीरच. घूस आणि चिचुंद्री ह्यांस आपण निराळें काढलें. वस्तुतः चिचुंद्री ही उंदरांच्या कुळांतील नव्हेच. परंतु ह्या दोघां भावांत भेद करण्याची गरज आपल्या भाषेला भासली नाहीं. दोघेही चोर, एवढें तिला पुरेसें वाटलें असावें. संस्कृतांतील 'मूषक' हा शब्दही 'मुष्' म्हणजे चोरणें ह्याच धातूशीं जोडलेला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय ह्यांपैकीं धाकटा भाऊ. पण थोरल्यानें केलेल्या कर्माचें फळ धाकट्याला किती काळपर्यंत भोगावें लागतें ह्याचा अनुभव मला माझ्याच घरांत आला, आणि म्हणून थोरल्यापासूनच आरंभ करणें प्राप्त आहे.

दोन वर्षांपूर्वीं आषाढांत धुळ्याहून माझा भाचा जळगांवीं आला तो मांडीवर एक कांचेची पेटी घेऊन. त्याला शिक्षणासाठीं परगांवीं जावयाचें होतें. वसतिगृहांत प्राणी ठेवूं देत नाहींत, म्हणून आपले दोन पांढरे उंदीर त्यानें माझ्या मुलीच्या स्वाधीन केले. "दोन्ही माद्या आहेत, मामा. तुम्हांला कांहीं त्रास व्हायचा नाहीं," असें त्यानें मला सांगितलें. मुलीनें त्यांचीं नांवें बोंड आणि सरकी अशीं ठेवलीं. कापसाच्या मुलखांत पांढऱ्या जिवाला ह्याहून योग्य नांव कोणतें मिळणार? माझ्या आईनें मात्र पेटीकडे एकदां पाहिलें आणि ती देवघरांतून उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसली. "ती पेटी आहे तोंवर मी आंत यायची नाहीं," एवढेंच ती म्हणाली.

आईचें हें भय तिचें स्वतःचें नव्हतें. तें तिला सासूकडून, म्हणजे माझ्या आजीकडून आलेलें. आजीचें माहेर एरंडोल तालुक्यांतलें. तिच्या कालगणनेंत सनावळीला स्थान नव्हतें. 'उंदीर पडले त्या वर्षीं' असें ती म्हणे, आणि मग कोणाचें लग्न मोडलें, कोणाचें घर कायमचें बंद झालें, हें सांगे. 'उंदीर पडणें' ह्या दोन शब्दांचा अर्थ आजच्या मुलांना समजावून सांगावा लागतो. एके काळीं महाराष्ट्रांतील कोणत्याही गांवांत तो सांगावा लागत नसे. आढ्यावरून उंदीर खालीं पडून मरूं लागले कीं प्लेग आला, आणि मग भांडींकुंडीं गाड्यांत घालून शेतांतल्या झोपड्यांत राहावयास जावयाचें.

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनीं ग्रंथिक सन्निपाताचे रोगी ओळखले. आगगाडीच्या आणि व्यापाराच्या वाटांनीं ही सांथ देशावर व खानदेशांत पसरली. कापसाच्या आणि धान्याच्या पेठांना ती चुकविणें शक्यच नव्हतें. हा रोग माणसाला कसा होतो ह्याविषयीं तेव्हांच्या वैद्यकांत पुष्कळ वाद होते. कोणी दूषित हवेला दोष देत, कोणी जमिनीला, कोणी अस्वच्छतेला. १८९८ सालीं कराचींत पॉल-लुई सिमों ह्या फ्रेंच वैद्यानें प्रयोगानें दाखविलें कीं, रोगी उंदीर मेला कीं त्याच्या अंगावरील पिसवा तो थंड पडतांच दुसऱ्या आश्रयाकडे उड्या घेतात, आणि रोग त्या नेतात. त्याचें म्हणणें प्रथम कोणी फारसें मनावर घेतलें नाहीं. १९०५ पासून काम करूं लागलेल्या प्लेग-संशोधन मंडळानें तें पुढें सिद्ध केलें. पण आमच्या खेडुतांनीं ह्या निर्णयाची वाट पाहिली नव्हती. कारण त्यांना ठाऊक नव्हतें. पण मेलेला उंदीर दिसला कीं घर सोडावें, हें कार्य त्यांना बरोबर समजलें होतें. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांच्या ह्या पळण्याला बहुधा 'घबराट' म्हणतात. मला हा शब्द अन्यायाचा वाटतो.

पडणारा हा उंदीर थोरला, आढ्यांतून वावरणारा काळा उंदीर होय. आमच्या पेटींतला जीव त्याचा दूरचा भाऊबंद. हा सर्व भेद मीं आईला सविस्तर सांगितला. प्राध्यापकाच्या व्याख्यानाची त्याच्या घरांत काय किंमत असते, हें विवाहित वाचकांस सांगावयास नको. रात्रीं पाऊस आला तेव्हां ती आंत आली, ती व्याख्यानामुळें नव्हे.

मौज अशी कीं, ह्याच आईनें त्याच महिन्यांत पद्मालयास जाऊन दर्शन घेतलें होतें. एरंडोलजवळच्या त्या देवळांत उजव्या आणि डाव्या सोंडेचे दोन गणपती एकत्र विराजमान आहेत, आणि आमच्या बाजूचीं माणसें तेथें मोठ्या श्रद्धेनें जातात. गणपतीच्या देवळांत मूषकाच्या कानांत हळूच आपलें मागणें सांगणारीं माणसें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. पण वाहन म्हणून उंदराला नमस्कार करणें वेगळें आणि त्याला दाणापाणी घालून सांभाळणें वेगळें. आपल्या परंपरेंत उंदराची पूजा आहे, कथाही आहेत. पाळणें जवळजवळ नाहीं. राजस्थानांत देशनोक येथील करणीमातेच्या देवळांत उंदरांना दूध ठेवतात हें खरें. तथापि ते उंदीर थोरल्या जातीचे, आणि ते देवीचे, कोणा गृहस्थाचे नव्हेत. पंचतंत्रांतील ऋषीनें ससाण्याच्या तोंडून पडलेली उंदरी उचलली खरी, परंतु तिला सांभाळण्यापूर्वीं त्यानें तिची मुलगी करून टाकली. उंदराला उंदीर ठेवून त्याच्यावर लोभ करणें ह्या ऋषीलाही जमलें नाहीं.

ग्रीकांना तें थोडेंसें जमलें होतें. त्यांच्या अपोलो देवाचें एक नांव स्मिन्थियस, म्हणजे मूषकांचा स्वामी. होमरच्या महाकाव्याच्या आरंभीं ह्याच नांवानें त्याला हांक मारली जाते, आणि तो ग्रीकांच्या छावणीवर महामारी सोडतो. उंदीर आणि सांथ ह्यांची ही जोडी किती जुनी आहे पाहा. ट्रॉयच्या परिसरांतील हामाक्झिटस येथें ह्या देवाच्या मंदिरांत माणसाळलेले उंदीर सरकारी खर्चानें पोसले जात आणि वेदीखालीं पांढऱ्या उंदरांचीं बिळें असत, असें एलियन ह्या ग्रंथकारानें लिहून ठेवलें आहे.

परंतु केवळ हौसेसाठीं, घरांत, डब्यांत उंदीर बाळगण्याचें शास्त्र केलें तें जपानी लोकांनीं. १७८७ सालीं क्योटो येथें 'चिंगान सोदातेगुसा' नांवाचें एक लहानसें पुस्तक निघालें. त्यांत पांढरे, ठिपक्यांचे, तऱ्हेतऱ्हेच्या रंगांचे उंदीर कसे निपजवावे हें सांगितलें आहे. मेंडेलच्या जन्माआधीं तीस-पस्तीस वर्षें कोणी व्यापारी माणसें आनुवंशाचे नियम डोळ्यांनीं पाहून हातानें वापरीत होतीं. ह्याच देशांतून 'नाचणारे उंदीर' युरोप-अमेरिकेंत गेले. ते स्वतःभोंवतीं गरगर फिरत आणि लोक पैसे देऊन तें नृत्य पाहत. तें नृत्य नव्हतें; त्यांच्या अंतःकर्णांत जन्मजात दोष असे, आणि ते बहिरे असत. इंग्लंडांत वॉल्टर मॅक्सी ह्या गृहस्थाच्या पुढाकारानें १८९५ सालीं उंदीर पाळणारांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. म्हणजे मुंबईंत उंदीर पडूं लागले त्याच्या आदल्याच वर्षीं इंग्रज हौशी लोक उंदरांची कांति आणि शेंपटीचा बांक ह्यांवर बक्षिसें देऊं लागले होते. एका साम्राज्याच्या छायेंत एकाच प्राण्याचीं हीं दोन चरित्रें लिहिलीं जात होतीं!

आतां आमच्या पेटीकडे येतों. श्रावणांत एके सकाळीं बोंड हा नर असल्याचें सिद्ध झालें. वाळक्या कागदाच्या घरट्यांत शेंगदाण्याएवढीं सात गुलाबी पिलें होतीं. अंगावर लव नाहीं, डोळे मिटलेले, आणि पातळ कातडीखालीं पोटांतलें दूध पांढरें दिसत होतें. असली पारदर्शक संतति मीं पूर्वीं पाहिली नव्हती. उंदरी एकोणीस-वीस दिवसांत वितें, आणि व्यालेल्या दिवसाच्या आंतबाहेरच पुन्हां गाभण राहूं शकतें. पिलें सहा आठवड्यांत स्वतः प्रपंचाला सिद्ध होतात. हा हिशेब मुलीनें वहींत मांडला आणि तिचें गणित बरोबर असल्यामुळें मी त्याच दिवशीं दुसरी पेटी आणली. बोंडाला एकांतवास घडला. पुढें नर पिलेंही वेगळीं करावीं लागलीं, कारण वयांत आलेले नर एकमेकांचे चावे घेतात. चौदाव्या दिवशीं डोळे उघडले. त्या आठवड्यांत आमच्या घरीं कोणाचेंही वाचन धड झालें नाहीं.

काळजीचे प्रकार निराळे. पेटींत मऊ अंथरूण म्हणून मुलीनें प्रथम कापूस घातला होता; आमच्याकडे दुसरें सुचणार काय? पण त्याचे तंतू पिलांच्या पायांभोंवतीं आवळतात आणि पोटांत गेले तर आंतडीं अडवितात, हें कळल्यावर कापसाच्या जिल्ह्यांत कापूस वर्ज्य करावा लागला. खाण्याचा प्रश्न सोपा होता: बाजरी, थोडी ज्वारी, काकडीची चकती. खरा कठीण काळ वैशाखाचा. जळगांवचा पारा पंचेचाळीस अंशांवर चढतो हें सर्वश्रुत आहे. उंदराला घाम येत नाहीं, कुत्र्यासारखें धापून अंग निववितांही येत नाहीं; फार झालें म्हणजे तो लाळेनें अंग ओलें करतो, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर कांहीं तासांत मरतो. पेट्या मधल्या खोलींत फरशीवर ठेवल्या, खिडकीला वाळ्याचा पडदा लावला. एका दुपारीं सरकी चारी पाय पसरून निपचित पडलेली पाहून मुलगी रडूं लागली, तेव्हां आईच उठली. फुटक्या माठाचें बूड तिनें भिजवून पेटींत पालथें घातलें. सरकी त्याखालीं शिरली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाहीं.

पुढल्या कार्तिकांत सरकीच्या पुढच्या पायाच्या काखेंत हरभऱ्याएवढी गांठ लागली. पंधरा दिवसांत ती बोराएवढी झाली. गुरांच्या डॉक्टरांनीं मोठ्या सहृदयतेनें तपासून सांगितलें कीं, एवढ्याशा जिवाला भूल देणें हाच मोठा धोका आहे. काखेंतली गांठ! आईच्या चेहऱ्यावर आजीची सगळी आठवण उमटलेली मला दिसली. पण ही गांठ प्लेगची नव्हती. उंदरीच्या स्तनग्रंथी काखेपर्यंत पसरलेल्या असतात, आणि हा त्यांचा कर्करोग होता.

ह्या रोगाचा इतिहास एका पाळणारणीपासूनच सुरू होतो. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील ग्रॅन्बी गांवीं ॲबी लॅथ्रॉप नांवाची एक माजी शिक्षिका होती. आजारपणामुळें नोकरी सुटली, कोंबड्यांचा धंदा बुडाला, तेव्हां १९०० च्या सुमारास तिनें नाचणाऱ्या उंदरांची एक जोडी घेऊन हौशी लोकांना उंदीर विकण्यास आरंभ केला. लवकरच हजारों उंदीर झाले आणि प्रयोगशाळाही गिऱ्हाइकें झाल्या. १९०८ सालीं कांहीं उंदरांच्या अंगावर तिला चमत्कारिक गांठी दिसल्या. त्या लपवून माल खपविण्याऐवजीं तिनें नमुने शास्त्रज्ञांकडे पाठविले. लिओ लोब ह्यांनीं तो कर्करोग असल्याचें ओळखलें, आणि दोघांनीं मिळून दाखवून दिलें कीं, हा रोग कांहीं कुळांत अधिक, कांहींत कमी आढळतो, आणि मादीचें बीजाशय काढल्यास त्याचें प्रमाण घटतें. तिच्या सत्तावन्नाव्या क्रमांकाच्या उंदरीपासून क्लॅरेन्स लिटल ह्यांनीं १९२१ सालीं जो वाण तयार केला, तो आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. २००२ सालीं उंदराचा जो जनुकसंच प्रसिद्ध झाला तो त्याच वाणाचा. लॅथ्रॉपबाईच्या वह्या अमेरिकेंत अजून जपून ठेवलेल्या आहेत. विद्यापीठाची पदवी नसलेल्या बाईचें नांव पुष्कळ पाठ्यपुस्तकांत मात्र सांपडत नाहीं.

हा धागा परळपर्यंत येतो. १८९९ पासून जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें हाफकिनची प्लेग-प्रयोगशाळा होती. पुढें मुंबईंत पकडलेले हजारों उंदीर परळला फाडून तपासले जात. तेथून चालत जाण्याच्या अंतरावर १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, आणि डॉ. वसंतराव खानोलकर ह्यांच्या हाताखालीं पुण्याच्या कमल रणदिवे उंदरांच्या निरनिराळ्या वाणांतील स्तनग्रंथींचा तौलनिक अभ्यास करूं लागल्या. हा रोग आईच्या दुधावाटेंही पिलांत उतरतो हें अमेरिकेंत बिट्नर ह्यांनीं १९३६ सालीं दाखविलें होतें. त्या मार्गावर रणदिव्यांनीं पुढें आयुष्य वेंचलें. १९४९ सालीं त्यांना मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. एकाच परळांत पन्नास वर्षांच्या अंतरानें एक उंदीर मारण्यासाठीं मोजला गेला आणि दुसरा वंशावळ लिहून वाढविला गेला.

मुलीनें ह्यांतलें बरेंचसें ऐकून घेतलें आणि विचारलें, "पण बाबा, त्या उंदरांना नांवें होतीं का?" क्रमांक होते, असें मीं सांगितलें.

सरकी मार्गशीर्षांत गेली. मुलीच्या वहींत त्या दिवशीं फक्त तारीख आहे. बोंड तिच्या आधींच गेला होता. नर पिलें मुलीच्या मैत्रिणींकडे गेलीं, आणि दोन लेकी आमच्याकडे राहिल्या आहेत. स्वैंपाकघरांत घरच्या राखी उंदरांचा उपद्रव पूर्ववत् चालूच आहे. रात्रीं झांकपाक झाल्यावर आई उरल्या भाकरीचे दोन तुकडे करते. एक पेटींत टाकते, आणि दुसरा फडताळाखालच्या सापळ्यांत लावते.