अडगळीतला भविष्यकाळ

मराठी विज्ञानकथेचा इतिहास आपण आजवर छापील पानांवरूनच लिहीत आलो आहोत. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' पाठवली आणि ती पहिली आली, ही हकिगत अभ्यासकांना मुखोद्गत असते. परंतु महाड-पोलादपूरच्या डोंगरकुशीत वाढलेल्या आमच्या पिढीला विज्ञानकल्पना प्रथम भेटली ती पुस्तकात नव्हे, दूरदर्शनच्या पडद्यावर.

ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागे. मूळ मालिका १९६६ ते १९६९ मधली. आमच्यापर्यंत ती दीड दशकाने पोचली. सह्याद्रीआड प्रक्षेपण अडखळे. एकाने कौलांवर चढून अँटेना फिरवावा आणि दुसऱ्याने घरातून 'आलं, आलं' म्हणून ओरडावे. त्या मुंग्यांनी भरलेल्या चित्रात यानावरचा संगणक माणसाच्या बोलण्याला उत्तर देई. त्याच काळात, १९८४ पासून, केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेतून देशातल्या निवडक शाळांत बीबीसी मायक्रो येऊ लागले. स्मृती अवघी ३२ किलोबाइट; प्रोग्रॅम साध्या कॅसेटवरही साठवता येई.

पडद्यावरचा सर्वज्ञ संगणक आणि टेबलावरचा मितभाषी संगणक यांतले अंतर १९८९ च्या 'इंद्रधनुष'ने ओलांडले. आनंद महेंद्रू यांच्या या मालिकेत मुलेच संगणक जुळवतात. भविष्य आकाशातून उतरावे लागत नाही, ते घरातल्या टेबलावर आपल्या हातांनी उभे करता येते, हा विचार आम्हांला कोणत्याही अवकाशयुद्धाहून मोठा वाटतो. १९९८ ची 'कॅप्टन व्योम' अधिक झगमगीत होती. पण तिच्यात मुलांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर नव्हता.

मात्र या साऱ्याची संहिता आज कुठे शोधावी? बीबीसीने 'डॉक्टर हू'चे साठच्या दशकातले अनेक भाग पुसून टाकले. काही पुढे परदेशांतून परत मिळाले. हरवलेल्यांचा निदान आवाज उरला, तो घरी ध्वनिमुद्रण करून ठेवणाऱ्या चाहत्यांमुळे. आमच्याकडे जुने संगणक भंगारवाल्याकडे गेले. माळ्याखालच्या अडगळीचे जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने काय केले, हे महाडकरांना सांगायला नको.

पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी दाखवतात. त्यांचे अपूर्ण 'शिवभारत' मात्र तंजावरला जपलेल्या पोथीमुळे हाती आले आणि १९२७ साली छापले गेले. पोथी राखणारा कोणी नसता, तर आपल्यापाशी समाधी उरली असती, काव्य नव्हे. कॅसेट, फ्लॉपी आणि प्रेक्षकांच्या आठवणी यांनाही पोथीचा मान द्यावा, एवढेच आमचे म्हणणे. त्या आठवणी सांगणारी माणसे अजून आहेत. विचारायला हवे ते आजच.